गिरवलेली रेषा आणि अस्सल कागद

जहाजाच्या जुन्या कागदी नकाशाची प्रतिमा घ्यावी, ती आरेखनाच्या संगणकीय प्रणालीत पार्श्वभूमीला मांडावी आणि तिच्यावरून नव्या रेषा गिरवून त्या जहाजाचा त्रिमितीय आकार पडद्यावर उभा करावा, ही रीत आता नौकाबांधणीच्या विद्यार्थ्यांपासून संग्रहालयांच्या अभ्यासकांपर्यंत रूढ झाली आहे; आणि ती वरवर इतकी सुलभ भासते की हे काम म्हणजे निव्वळ नकलनविशी होय, असा समज ते सोपवणाऱ्यांचा आणि अंगावर घेणाऱ्यांचाही सहज होतो. माझ्या मते हे काम वाचनाचे व निवाड्याचे आहे, आणि म्हणूनच ज्या कागदावरून रेषा गिरवली तो अस्सल कागद, त्याची प्रतिमा आणि गिरवताना घेतलेल्या प्रत्येक निर्णयाची नोंद, ही तिन्ही त्या रेषेसोबत कायम दप्तरी राहिली पाहिजेत, असा नियमच शासनाने करावा.

समुद्रापासून शेकडो मैल आत वसलेल्या आखाडा बाळापूरसारख्या गावातून जहाजांच्या नकाशांविषयी कोणी लिहावे, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु अस्सल कागद आणि त्याची नक्कल यांतील अंतर ज्या मुलखाने स्वतःच्या जमिनीच्या बाबतीत अनुभवले आहे, त्या मुलखाला या विषयावर बोलण्याचा अधिकार निश्चित आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या आमच्या कळमनुरी तालुक्यात वहिवाटीचा वाद निघाला की १९५४ सालच्या खासरा पत्रकाची नक्कल आजही काढावी लागते. सातबारा संगणकात गेला त्या वेळी हस्तलिखितातील क्षेत्र, नाव किंवा हिस्सा उतरवताना ज्या चुका राहून गेल्या, त्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त होतात खऱ्या, परंतु त्या दुरुस्तीला आधार लागतो तो जुन्या हस्तलिखित पानाचाच. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे तपासावयास घेतली, तेव्हा उर्दू आणि मोडी जाणणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला. ज्या रुमालांकडे कित्येक वर्षे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, ते रुमाल एकाएकी लाखो कुटुंबांच्या जिव्हाळ्याचे झाले. कागद कधी कामास येईल हे तो रद्दीत घालणाऱ्यास ठाऊक नसते.

आता जहाजाच्या नकाशाकडे वळू. जहाजाच्या सांगाड्याची बाह्य आकृती कागदावर तीन दृश्यांत मांडलेली असते: एक बाजूने दिसणारे, एक वरून दिसणारे, आणि एक नाळेपासून पिछाडीपर्यंत ठराविक अंतरांवर जहाज आडवे छेदले असता दिसणाऱ्या कडांचे. डावी-उजवी बाजू सारखी असल्यामुळे वरून दिसणारे दृश्य अर्धेच काढतात; आणि आडव्या छेदांच्या दृश्यात तर बहुधा मध्यरेषेच्या उजवीकडे पुढच्या भागाचे छेद आणि डावीकडे मागच्या भागाचे छेद, अशी काटकसरीची वाटणी केलेली असते. फ्रीशिप, डेल्फ्टशिप किंवा राइनो यांसारख्या प्रणालीत ह्या तिन्ही दृश्यांच्या प्रतिमा आपापल्या प्रतलात बसवाव्या लागतात, प्रत्येकीचा आरंभबिंदू आणि प्रमाण ठरवावे लागते, ती फिकी करावी लागते, आणि मगच तिच्यावर पहिली रेषा टाकता येते. येथपर्यंतचे काम शिकण्यास फार दिवस लागत नाहीत. खरी अडचण पुढे उभी राहते: जहाजावरील एकच बिंदू तिन्ही दृश्यांत एकाच ठिकाणी यावयास हवा, आणि जुन्या नकाशांत तो पुष्कळदा येत नाही.

याचे पहिले कारण कागद हेच आहे. कागद दमट हवेत पसरतो, कोरड्या हवेत आकसतो, आणि तंतूंच्या दिशेने जितका बदलतो त्याहून अधिक आडव्या दिशेने बदलतो. त्यामुळे शंभर-दोनशे वर्षे गुंडाळून ठेवलेल्या नकाशात लांबीचे प्रमाण एक आणि उंचीचे प्रमाण दुसरेच झालेले असणे संभवनीय असते. दीडशे फूट लांबीच्या जहाजाच्या नकाशात एक टक्क्याचा फरक दुर्लक्षिला, तर प्रत्यक्षात दीड फूट हरवतो. पाव इंचाला एक फूट, म्हणजे अठ्ठेचाळिसास एक, हे इंग्रजी नौकानकाशांचे नेहमीचे प्रमाण. त्या प्रमाणात कागदावरची पाव मिलिमीटर जाडीची शाईची रेषा प्रत्यक्ष जहाजावर बारा मिलिमीटर जाड होते. आता त्या रेषेची आतली कड धरावी, बाहेरची धरावी की मध्य धरावा? शिवाय जुन्या लाकडी जहाजांच्या नकाशात ही आकृती पुष्कळदा फासळ्यांच्या बाहेरच्या कडेपर्यंतच काढलेली असे आणि बाहेरील फळ्यांची जाडी तीत धरलेली नसे. ही गोष्ट ज्यास ठाऊक नाही त्याने काढलेले जहाज मूळ जहाजापेक्षा सर्व अंगांनी सडपातळ होते, आणि ते किती पाणी सारते याचा त्याने केलेला हिशेबही कमी येतो. नकाशाचे छायाचित्र कॅमेऱ्याने घेतले असेल तर भिंगामुळे कडेच्या सरळ रेषा किंचित बाहेर फुगतात, हा दोष आणखी वेगळा.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. जुना आरेखक लवचीक लाकडी पट्टी शिशाच्या वजनांनी दाबून धरीत असे, आणि ती पट्टी स्वतःच्या ताठरपणाने जो बाक घेई त्याच्या कडेने शाई फिरवीत असे. त्या बाकाची सलगता हाच जहाजाच्या अंगाचा गुण. पाणी त्याच्यावरून विनातक्रार सरकावे म्हणून ती सलगता पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने साधलेली असते. संगणकावर गिरवणारा नवशिका मात्र शाईच्या प्रत्येक कंपावर, कागदाच्या प्रत्येक घडीवर एकेक नियंत्रणबिंदू ठेवीत जातो, आणि प्रतिमेशी तंतोतंत जुळणारी पण अंगावर गाठी आल्यासारखी दिसणारी आकृती तयार करतो. जाणता माणूस बिंदू थोडे ठेवतो, वक्रतेचा आलेख तपासतो, आणि कोठे प्रतिमा सोडून सलगतेकडे जावे व कोठे सलगता सोडून प्रतिमेस चिकटावे, याचा निवाडा करतो. तोच निवाडा आज कोठेही नोंदला जात नाही. हाती येते ती अंतिम गुळगुळीत आकृती. तिच्यातले किती मूळ कारागिराचे आणि किती गिरवणाऱ्याचे, हे पाच वर्षांनी खुद्द गिरवणाऱ्यासही सांगता येत नाही.

कागद आणि जहाज यांचे नाते किती नाजूक असते, हे मुंबईच्याच एका जहाजाच्या हकिकतीवरून ध्यानात येते. १७८२ साली इंग्रजांनी 'एबे' नावाची फ्रेंच युद्धनौका पकडली, तिच्या अंगाचे मोजमाप घेऊन ते कागदावर उतरवले, आणि त्या आकृतीवरून आपल्या आरमारासाठी 'लीडा' वर्गाच्या युद्धनौका बांधण्यास आरंभ केला. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकच्या लाकडाचा तुटवडा पडला होता, म्हणून त्या वर्गातील एक नौका मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानात बांधावी असे ठरले, आणि तिचे नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून हिंदुस्थानकडे रवाना झाले. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या युद्धनौकेने 'जावा'चा पराभव केला. मोडकळीस आलेले ते जहाज पुढे जाळून टाकण्यात आले, आणि नकाशेही गेले. इंग्लंडात मूळ प्रत शिल्लक होती म्हणून दुसरी नक्कल मुंबईस पाठवता आली. तिच्यावरून जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली 'त्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली, आणि इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात ती आजही तरंगत उभी आहे. मूळ प्रत दप्तरी नसती तर हे जहाज त्या आकृतीत झालेच नसते. एवढ्या एका उदाहरणाने माझे अर्धे म्हणणे पुरे होते.

आमच्या कोकणच्या गलबतांना आणि मचव्यांना असे कागदाचे भाग्य क्वचितच लाभले. तेथील सुतार नजरेच्या मापाने आणि हाताच्या सवयीने जहाज बांधीत. बापाकडून मुलाकडे ज्ञान जाई ते फळी वाकवता वाकवता. त्यांच्या कारागिरीस यामुळे कमीपणा येतो असे कोणी समजू नये. परंतु तो सुतार गेला की आकृतीही गेली, हे दुःख खरे आहे. आमच्या पश्चिम किनाऱ्यावरील पत्तेमारीची मोजून काढलेली आकृती आज अभ्यासकांसमोर आहे, तीही एकोणिसाव्या शतकात एडमंड पारिस नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने जगप्रवासात भेटलेल्या देशोदेशींच्या नौका कागदावर उतरवून १८४१ पासून त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या, म्हणून. आमच्या सुतारांचे ज्ञान परक्याच्या कागदावर टिकावे आणि आमच्या घरी त्याची नोंदही नसावी, ही गोष्ट मला मनापासून टोचते. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले या बाजूंच्या किनाऱ्यावर अजून ज्या लाकडी होड्या उभ्या आहेत, त्यांची मापे घेऊन त्यांच्या आकृती आजच करून ठेवणे हे त्या दृष्टीने संग्रहालयातील नकाशे गिरवण्याइतकेच निकडीचे आहे.

याच संदर्भात मराठवाड्याने अभिमानाने सांगावी अशी एक अगदी ताजी घटना आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत एका जहाजाचे चित्र आहे: डोलकाठ्या, शिडे, सुकाण्याची वल्ही यांसह भिंतीवर रंगवलेले, पाचव्या शतकातले. त्या चित्रावरून शिवण पद्धतीचे जहाज पुन्हा बांधावयाचे असा करार जुलै २०२३ मध्ये केंद्राचे संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांच्यात झाला. कागदी नकाशा मुळात नव्हताच. होते ते एक भित्तिचित्र, ज्यात ना प्रमाण, ना छेद, ना पाण्याखालच्या अंगाचा मागमूस. नौदलाच्या स्थापत्यज्ञांना त्या चित्रातून सांगाड्याची आकृती अनुमानाने काढावी लागली, मद्रासच्या आय.आय.टी.त लहान प्रतिकृतीवर पाण्याच्या चाचण्या घ्याव्या लागल्या. आणि मग केरळच्या बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखालील कारागिरांनी नारळाच्या काथ्याने फळ्या शिवून ते जहाज प्रत्यक्षात आणले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबर अखेरीस पोरबंदरहून मस्कतच्या दिशेने निघाले. पार्श्वभूमीस ठेवलेल्या एका चित्रावरून जहाजापर्यंत जाण्याचा याहून कठीण प्रवास मला माहीत नाही. त्याचे यश निर्विवाद आहे; परंतु त्यात चित्राचा वाटा किती आणि अनुमानाचा किती, याचा तपशीलवार दस्तऐवज सर्वांस वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध झाला, तर पुढच्या पिढीस त्या अनुमानावर आक्षेप घेण्याचा मार्ग मोकळा राहील, आणि विद्येची वाढ त्याच मार्गाने होते.

राहिला प्रश्न हे काम करावे कोणी. मुंबई-गोव्याच्या गोद्यांतच ते व्हावे असा काही नियम नाही. प्रतिमा बाळापुरातही पोहोचते, आणि नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतून अथवा हिंगोली-नांदेडच्या तंत्रनिकेतनांतून आरेखन शिकून येणारी आमच्या भागातील मुले पुण्याच्या कारखान्यांत यंत्रांचे सुटे भाग काढतात, ती जहाजाची आकृतीही काढू शकतील. परंतु पानामागे इतके पैसे, या दराने त्यांच्याकडून नुसते गिरवून घेणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान आणि त्या नकाशांचा नाश आहे. काम द्यावयाचे तर त्यासोबत शिक्षण द्यावे: तरंगण्याचा सिद्धांत काय, छेदांवरून घनफळ कसे काढतात, फासळी आणि फळी यांचे नाते काय, हे त्यांना एखाद्या जाणत्या नौकास्थापत्यज्ञाने समक्ष शिकवावे, आणि महिनाभर तरी कोकणातील एखाद्या सुताराच्या हाताखाली उभे करावे. ज्याने फळी वाकताना पाहिली आहे त्याला रेषेतली गाठ आपोआप खुपते.

कामाच्या शर्तीही त्याच धोरणाने लिहाव्यात. प्रत्येक नकाशा दोघांनी एकमेकांस न दाखवता गिरवावा, आणि दोन्ही आकृती जेथे जुळत नाहीत त्या जागा तिसऱ्या जाणत्या माणसाने पाहाव्यात. प्रतिमा ज्या प्रमाणात व ज्या आरंभबिंदूवर बसवली, कागदाचा आकस किती धरला, रेषेची कोणती कड घेतली, फळीची जाडी मिळवली की नाही, तिन्ही दृश्यांत विसंगती आढळली तेव्हा कोणत्या दृश्यास प्रमाण मानले, हे सर्व मराठीत लिहून त्या आकृतीच्या फाइलसोबत जोडावे, आणि पार्श्वभूमीची प्रतिमा त्या फाइलीतून कधीही वेगळी करू नये. अस्सल कागदाची विल्हेवाट लावण्याचा अधिकार या कामातील कोणासही असू नये. आणि मूळ नकाशावर किंवा जहाजाच्या दाखल्यात त्याने सारलेल्या पाण्याचे वजन लिहिलेले असेल, तर पडद्यावरील आकृतीचे घनफळ काढून ते त्या आकड्याशी ताडून पाहावे. जुळले नाही तर फरकाचे कारण लेखी मागावे, आणि कारण मिळेपर्यंत ते काम पुरे झाले असे दप्तरात नोंदवू नये.