सायबरचा तास सातवीपर्यंत का थांबावा?

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईत, राज्याच्या पोलीस महासंचालक कार्यालयात सायबर जागृती महिन्याचा कार्यक्रम झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर अभिनेता अक्षय कुमारने स्वतःच्या घरात घडलेला प्रसंग सांगितला. मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती, समोरचा खेळाडू अनोळखी. आधी कौतुक, मग तू मुलगा की मुलगी अशी चौकशी आणि त्यापाठोपाठ थेट नग्न छायाचित्राची मागणी. मुलीने गेम बंद केला आणि आईला सांगितलं. सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक सायबरचा तास असावा, अशी मागणी अक्षयने तिथेच केली.

मागणी रास्त आहे, इयत्ता मात्र चुकली.

मुंबईला लागून असलेल्या आमच्या मीरा-भाईंदरमधली असंख्य घरं लोकलच्या वेळापत्रकावर चालतात. आई-बाबा अंधेरी, दादर, चर्चगेटच्या गाडीत, मूल शाळेतून घरी आणि त्याच्या हातात ‘पोचलास का’ विचारण्यापुरता ठेवलेला मोबाइल. तो तेवढ्यापुरता राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामवर किमान वयाची अट 13 वर्षांची. पण जन्मसाल बदलायला तिसरीतल्या मुलालाही फार वेळ लागत नाही. बाबांचा यूपीआय पिन त्याला बाबांआधी आठवतो. सातवी येईपर्यंत सवयी पक्क्या झालेल्या असतात.

फसवणुकीचा कारखाना कसा चालतो, हे या शहराने जवळून पाहिलं आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या बनावट कॉल सेंटरांवर छापे घालून 700 हून अधिक जणांना ताब्यात घेतलं. बहुतेक विशीतली पोरं. अमेरिकी उच्चारात, लिहून दिलेले संवाद वाचत ती अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी म्हणून धमकावत होती: कर थकला आहे, आत्ताच पैसे भरा, नाहीतर पोलीस दारात येतील. त्यात संगणकाचं अवघड ज्ञान फारसं लागत नव्हतं. भीती, घाई आणि ‘कुणाला सांगू नका’ एवढ्यावर सगळं चाले. व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं भासवून पैसे उकळणारी आजची ‘डिजिटल अरेस्ट’ त्याच मुशीतली आहे, आणि गेममधून मुलांना जाळ्यात ओढणाराही यांतलीच अस्त्रं वापरतो. फरक इतकाच, की तो धमकीआधी लाड करतो.

ही युक्ती आठ वर्षांच्या मुलाला कळते. शिक्षकाने दोन मुलांना उभं करून वर्गातच तिचं नाटुकलं बसवावं. चौथीची मुलं लबाडी ओळखण्यात मोठ्यांपेक्षा तरबेज निघतील. त्यासाठी संगणक कक्ष लागत नाही. तो आहे तिथेही पुष्कळदा पेंटमध्ये झोपडी आणि सूर्य रंगवण्यापलीकडे गाडी जात नाही, ही गोष्ट वेगळी. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात ‘सीएस अनप्लग्ड’ नावाचा उपक्रम उभा राहिला, त्यात यंत्राशिवाय संगणकशास्त्र शिकवतात. अंगणात खडूने रेषा आखायच्या, मुलांच्या हाती आकड्यांची कार्डं द्यायची आणि चौकाचौकात जोडीने तुलना करत पुढे चालायचं. पलीकडे पोचेपर्यंत आकडे क्रमाने लागलेले. पासवर्डचं तर सरळ गणितच आहे. दोन अंकी कुलपाच्या शक्यता 100, चार अंकीच्या 10,000, सहा अंकीच्या 10 लाख. मग ‘123456’ का फुटतो? कारण चोर क्रमाने मोजत बसत नाही, लोक काय ठेवतात ते आधी पाहतो.

इंग्लंडने सप्टेंबर 2014 पासून पाचव्या वर्षापासूनच्या अभ्यासक्रमात संगणन आणलं. त्यात अल्गोरिदमच्या जोडीलाच खासगी माहिती जपणं आणि काही खटकलं तर मदत कुठे मागायची, हेही आहे. आपल्याकडे केंद्राने 2026-27 पासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवण्याचं जाहीर केलं आहे. तिसरीत एआय आणि सुरक्षितता सातवीत, हा क्रम अजब म्हणायचा. 2024 च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भारतातली 14 ते 16 वयोगटातली 82 टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकत होती. पण समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक कसं करायचं, हे 62 टक्क्यांनाच ठाऊक होतं. मुलं वापर आपापसांत शिकतात. बचाव कुणीतरी शिकवावा लागतो.

बंदीने काम भागेल, असं अनेकांना वाटतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. प्रयोग कौतुकाचा आहे, गावाने एकत्र ठरवला म्हणून टिकलाही. वीस मजली टॉवरमध्ये तो भोंगा कोण वाजवणार? आणि उरलेल्या तासांचं काय?

शिवाय बंदीची धमकीच मुलाचं तोंड बंद करते. काही विपरीत घडलं, तर त्याला पहिली भीती त्या अनोळखी माणसाची नसते. मोबाइल काढून घेतील, याची असते. धमकावणारा नेमका याच भीतीवर खेळतो. अक्षय कुमारची मुलगी वाचली ती तिने आईला लगेच सांगितलं म्हणून. त्यामुळे शिकवणीचा अर्धा भाग पालकांच्या वाट्याचा आहे: सांगितल्याबद्दल शिक्षा नाही, हे त्यांनी आधी कबूल करायचं.

मीरा-भाईंदर महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू माध्यमाच्या आहेत, म्हणजे साहित्य चारही भाषांत हवं. इंग्रजी पीपीटीचे अर्धेमुर्धे अनुवाद नकोत. शिक्षकांवर आधीच माहिती भरण्याच्या कामांचा ढीग असतो, तेव्हा नवा विषय लादण्यापेक्षा परिसर अभ्यास आणि गणिताच्या तासांतच जागा करावी. शहराला 2020 पासून वसई-विरारसह स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. तिथल्या सायबर पोलिसांनी जूनच्या पहिल्या पालकसभेला यावं, भाषण थोडक्यात आटपावं आणि आर्थिक फसवणुकीसाठी 1930, तर मुलांच्या मदतीसाठी 1098 हे दोन क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मुलांकडूनच रंगवून घ्यावेत.