मुके सोबती : पंजा चाटणारें कुत्रें

घरचें कुत्रें सायंकाळीं निवांत पडून पंजा चाटीत बसलें, म्हणजे आपण तिला स्वच्छतेची आवड समजतों. आणि तेंच सकाळीं उठतांना अडखळलें, तर वय झालें म्हणून सोडून देतों. या दोन्ही गोष्टी पुष्कळदां एकाच दुखण्याच्या खुणा असतात, इकडे आम्ही आज वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

चारही पंजे चाटले जात असतील आणि बोटांमधील कातडी लाल व ओलसर दिसत असेल, तर मूळ बहुधा त्वचेंत असतें : धुळीचें, परागांचें वा अन्नाचें वावडें, किंवा ओलीनें वाढलेली बुरशी. फिकट रंगाच्या कुत्र्याचे केस लाळेनें तांबूस होतात, हीही खूण ध्यानांत ठेवावी. एकच पंजा चाटला जात असेल, तर बेचक्यांत कांटा, कुसळ, गोचीड किंवा दुभंगलेलें नख आहे काय, तें प्रथम पाहावें. तेथें कांहींच न सांपडलें, आणि पुढल्या पायाच्या मनगटावरील एकच जागा चाटून चाटून केस गेले व कातडी जाड झाली, तर दुखणें आंतील सांध्याचें असण्याचा संभव असतो. माणूस दुखरा गुडघा चोळतो, तसें कुत्रें तो चाटतें.

धांवत्याखेळत्या कुत्र्यांत सांध्याचें दुखणें फसवें असतें. विश्रांतीनंतर आखडलेले पाय दहा पावलांत मोकळे होतात, आणि चेंडू दिसतांच कुत्रें सारें विसरून धांवतें. तेवढ्यावरून तें निरोगी ठरत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें कसें उठतें, जिना चढतांना थबकतें काय, हीच खरी परीक्षा होय. लॅब्रेडॉर व जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याचा सांधा सैल असण्याची प्रवृत्ति आनुवंशिक असते. त्यांच्याविषयीं विशेष सावध राहावें. गोचिडांमुळें होणाऱ्या तापांतही सांधे सुजतात. म्हणून लंगडण्याबरोबर ताप किंवा अन्नावर अनिच्छा दिसल्यास मुळींच वाट पाहूं नये.

उपायांत पहिला मान वजनाचा. अमेरिकेंत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांवर जन्मभर चाललेल्या आणि २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, जोडीदारापेक्षां चतुर्थांश कमी अन्न मिळालेलीं कुत्रीं साधारणतः पावणेदोन वर्षें अधिक जगलीं, आणि त्यांस सांध्यांचे उपचारही उशिरां लागले. एकत्र कुटुंबांत मात्र आजीची पोळी, मुलांचें बिस्कीट, वहिनींची साय असे घांस निरनिराळ्या हातांनीं पडतात आणि बेरीज कोणीच करीत नाहीं. कुत्र्याचें खाणें एकाच व्यक्तीकडे सोंपवावें. व्यायाम रोज आणि बेताचा असावा. आठवडाभर बांधून ठेवून रविवारीं टेकडीवर दोन तास पळविणें अपायकारक होय. गुळगुळीत फरशीवर त्याच्या वाटेंत सतरंजी अंथरावी.

आतां एक कळकळीची सूचना. दया येऊन घरांतील अंगदुखीची गोळी त्यास कोणीही देऊं नये. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांनीं कुत्र्याच्या जठरांत व्रण पडतात व मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. वेदनाशामक मलमही नको. तें चाटलें जाऊन पोटांतच जातें. कुत्र्यांस मानवणारीं औषधें निराळीं असून, पशुवैद्य तीं वजन पाहून ठरवितात. त्यांच्याकडे जातांना कोणता पंजा, कोणत्या वेळीं, किती वेळ चाटला जातो आणि पाय केव्हां आखडतो, याचें टिपण बरोबर न्यावें. घरांत दहा माणसें कुत्र्यावर माया करतात; त्यांपैकीं एकानें तरी त्याचें गाऱ्हाणें लिहून ठेवावें, इतकेंच आमचें मागणें आहे.