सत्यमच्या बोर्डावर दिग्गज होते, मग घोटाळा थांबला का नाही?

तुम्ही शेअर घेता, तेव्हा कंपनीत तुमच्या वतीने लक्ष कोण ठेवतं? कागदोपत्री, स्वतंत्र संचालक.

हैदराबादच्या 'सत्यम'मध्येही ते होते. हार्वर्डचे प्राध्यापक कृष्णा पालेपू, पेंटियम चिपवाले विनोद धाम अशी नावं. डिसेंबर २००८ मध्ये याच बोर्डाने संस्थापक रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित दोन 'मायटास' कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरला घ्यायला मंजुरी दिली. गुंतवणूकदार भडकले आणि काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ ला राजूंनीच कबुली दिली, की ताळेबंदातले पाच हजार कोटींहून जास्त रुपये अस्तित्वातच नाहीत.

बँकेचे कागदच बनावट असतील तर संचालकांना कळणं अवघड, हे मान्य. पण मायटासचा प्रस्ताव तर समोर टेबलावर होता ना?

सरकारने बोर्ड बरखास्त करून दीपक पारेख, किरण कर्णिक यांच्यासारखी माणसं बसवली. एप्रिलमध्ये लिलावात पुण्याच्या टेक महिंद्राने बाजी मारली आणि कंपनी वाचली. हेही दिग्गजच होते. फक्त त्यांना राजूंनी निवडलं नव्हतं.

२०१३ च्या कायद्याने लिस्टेड कंपन्यांत किमान एक तृतीयांश स्वतंत्र संचालक सक्तीचे केले. २०२२ पासून सेबीच्या नियमानुसार त्यांच्या नेमणुकीला साधारणपणे ७५ टक्के मतं लागतात. पण नाव बोर्डच पुढे करतं. आणि प्रमोटरकडेच ७० टक्के शेअर असतील, तर उरलेली मतं जमवणं किती कठीण? त्यात ई-व्होटिंगचा ईमेल आपल्यातले बरेच जण न उघडताच डिलीट करतात.