सहल, सेवा आणि सौदा

पर्यटक आणि सेवक हे दोन भिन्न शब्द आहेत. पावसाळ्यात ताम्हिणीच्या घाटात धबधबे पाहायला जाणारा पुणेकर स्वतःला सेवक म्हणवून घेत नाही. मुळशीच्या जलाशयाकाठी दोन दिवस राहून, भाजलेली कणसे खाऊन तो घरी परततो. मुळशीचा उद्धार केल्याचा दावा तो करीत नाही. एवढा प्रामाणिकपणा त्याच्यापाशी असतो. पाश्चात्त्य देशांत मात्र या दोन शब्दांचा संकर होऊन एक वेगळाच व्यवहार रूढ झाला आहे. ‘अल्पकालीन मिशन सहल’ हे त्याचे नाव.

दहा-बारा दिवसांचा हा कार्यक्रम असतो. रविवारी सकाळी स्थानिक चर्चमध्ये प्रार्थना, दुपारी किल्ला, बाजार, एखादा धबधबा. सोमवारपासून एखाद्या गरीब वस्तीत खेळ, गाणी, खाऊवाटप, भिंतींना रंग आणि जोडीला ‘शुभवर्तमान’. मग छायाचित्रे घेऊन मंडळी मायदेशी परततात. प्रिन्स्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांच्या अंदाजानुसार एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे 16 लाख चर्चसदस्य अशा परदेशी सहलींना जात असत.

परदेशी पाहुण्याने आपल्या श्रद्धेनुसार चर्चमध्ये जाऊन प्रार्थना करावी, यावर आक्षेप घेण्याइतका हिंदू समाज कोत्या मनाचा कधीच नव्हता. आक्षेप आहे तो प्रार्थनेनंतरच्या कार्यक्रमावर. धर्मकार्यासाठी येणाऱ्या विदेशी व्यक्तीकरिता भारत सरकारने मिशनरी व्हिसाचा स्वतंत्र वर्ग ठेवला आहे. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचाराला मुभा नाही. मग ज्याला धर्मप्रचारच करायचा आहे, त्याने पर्यटकाचे सोंग का घ्यावे? सत्याचा संदेश देणाऱ्याने यजमानाच्या दारातच असत्य बोलावे, हा कुठला धर्म?

हे सोंग कोणत्या थराला जाऊ शकते, याचे उदाहरण फार जुने नाही. जॉन ॲलन चाऊ हा 26 वर्षांचा अमेरिकन तरुण पर्यटक व्हिसावर अंदमानात आला आणि नोव्हेंबर 2018 मध्ये, कायद्याने प्रवेश निषिद्ध असलेल्या उत्तर सेंटिनेल बेटावर मच्छीमारांना पैसे देऊन पोहोचला. त्यात त्याचा जीव गेला. त्या तरुणाच्या मृत्यूचे दुःख कोणालाही होईल. परंतु बाहेरच्या साध्या रोगजंतूंनीही जी जमात नष्ट होऊ शकते, तिच्यावर स्वतःचा उत्साह लादण्याचा अधिकार त्याला कोणी दिला होता? आणि धर्मप्रचाराच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा मूलभूत अधिकार समाविष्ट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात 1977 मध्येच स्पष्ट केले आहे.

जुन्या मिशनऱ्यांशी आपला वाद होता आणि आहे. पण त्यांची जिद्द नाकारता येत नाही. जॉर्ज बोवेन 1848 मध्ये मुंबईत आले आणि 1888 मध्ये मुंबईतच वारले. वेतन नाकारून ते गरिबीत राहिले, मराठी शिकले. 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांना जाहीर वादाचे आव्हान दिले, तेव्हा बोवेन त्या वादाला उभे राहिले. तो सामना विचारांचा होता. दोन्ही पक्ष परस्परांचे ऐकून उत्तर देत होते. आजच्या सहलीत वादाला जागा नाही, कारण भाषाच येत नाही. समोरचा कातकरी मुलगा काय म्हणतो हे ज्याला समजत नाही, तो त्याच्या आत्म्याची चिंता वाहायला निघतो! विचाराची जागा खाऊने घेतली की उरतो तो सौदाच.

बरे, सेवा म्हणून तरी या सहली खऱ्या उतरतात काय? उत्तर त्यांच्याच घरातून आलेले आहे. 1998 च्या ‘मिच’ चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये झालेल्या घरबांधणीचा अभ्यास अमेरिकेतील कॅल्विन कॉलेज या ख्रिस्ती संस्थेचे समाजशास्त्रज्ञ कर्ट वेर बीक यांनी केला. स्थानिक संस्थेला जे घर सुमारे 2 हजार डॉलरमध्ये बांधता येत होते, त्यावर परदेशी गटांचा प्रवासासह खर्च सुमारे 30 हजार डॉलर होत होता! म्हणजे एका घराच्या नावाने पंधरा घरांचा पैसा खर्ची पडला.

आता मुळशीकडे वळू. कारण परक्याचे दोष मोजून आपले कर्तव्य संपत नाही. याच खोऱ्यात 1921 मध्ये सेनापती बापट उभे राहिले. टाटांच्या धरणाखाली मावळ्यांची गावे व भातखाचरे जाणार होती. बापट मूळचे पारनेरचे, उच्च शिक्षणासाठी विलायतेला जाऊन आलेले. मुळशीशी त्यांचे नाते काय? तरीही त्यांनी मावळ्यांचे दुःख आपले मानले, सत्याग्रह केला, दीर्घ कारावास भोगला. धरण झाले, पाणी डोंगराखाली भिऱ्याच्या वीजगृहात गेले, मुंबई उजळली. लढा हरला, पण सेवा कशी असते हे मुळशीने पाहिले. ती परतीचे तिकीट काढून आलेली नव्हती.

आज त्याच जलाशयाकाठी आपल्या मोटारींच्या रांगा लागतात. रस्त्यालगतच्या कातकरी वाड्यांपुढे त्यातल्या किती थांबतात? महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी कातकरी एक आहेत. कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, मुलांची शाळा सुटते, जातीच्या दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात. जिथे आपण पोहोचत नाही, तिथे दुसरा कोणी पोहोचला की आपण ओरडतो. ही ओरड निष्फळ आहे. पोकळी ठेवणारा समाज ती भरणाऱ्याला दोष देऊन सुटू शकत नाही.

म्हणून कायद्याची काटेकोर अंमलबजावणी अवश्य मागावी. पर्यटक व्हिसावर प्रचार करणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण त्याच निर्धाराने प्रत्येक कुटुंबाने मुळशीच्या वर्षातील एक सहल कमी करून एका वाडीशी नाते जोडावे. एखाद्या मुलाची फी, एखाद्या कुटुंबाचा दाखला, एखाद्या आजाऱ्याला ससूनपर्यंत सोबत. आणि हे एकदा नव्हे, वर्षानुवर्षे, नाव विचारून आणि नाव लक्षात ठेवून. त्याबदल्यात काही मागू नये, जयजयकारसुद्धा नाही. बापटांच्या मुळशीला सहलीने येणारा उद्धारक नको आहे. मग तो सातासमुद्रापलीकडचा असो वा कोथरूडचा.