पाळी चुकते, मनही खचते

पोरीची पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात, वजन वाढते. जुन्या शहराच्या गल्लीत लगेच कुजबुज सुरू: हिचे लग्न कसे व्हायचे? पोरगी गप्प होते, जेवण टाकते. आपण म्हणतो, नखरे! अहो, हा पीसीओएस नावाचा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मूल होण्याच्या वयातल्या शंभरात 10 ते 13 बायांना तो असतो. त्यांच्यात नैराश्य जास्त आढळते. त्यात लोकांचे टोमणे. म्हणूनच 2023च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने अशा प्रत्येकीच्या मनाचीही तपासणी करायला सांगितले. सर्वोपचार रुग्णालयात नेाल तेव्हा पाळीसोबत तिची झोप, रडणे, जीव नकोसा होणे, हेही डॉक्टरांना सांगा. टेलिमानसचा 14416 नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. आणि मुलाबाळांचे म्हणाल, तर उपचाराने बऱ्याच जणींची कूस उजवते.