टीडीएस चाळीस, शंखाला भोक

आरओवर पुन्हा लिहिणार नाही, असा शब्द मी गणपतीच्या सुमारास दिला होता. तो आज मोडतो. रविवारी तिसऱ्या मजल्यावरचे साहेब वाटीत गोगलगाय घेऊन आले. पिवळी मिस्ट्री स्नेल, शंखाचं टोक झिजून पांढरं, मध्ये एक बारीक भोक. ‘दुकानदार म्हणतो, म्हातारी झाली.’ आणून सहा महिने नाहीत झाले! वर टीडीएसचं पेन पुढे करून म्हणतात, ‘आरओचं पाणी बघा, फक्त चाळीस!’

चाळीस म्हणजे पाण्यात जवळजवळ काही नाही. गोगलगायीने शंख काय हवेतून काढायचा?

साहेबांनी गोगलगाय विकत घेतली त्याच दिवशी, त्याच दुकानातून आणलेल्या दोन गोगलगायी तळमजल्यावरच्या काकूंकडे आहेत. कमळाची सिमेंटची कुंडी, त्यात बोअरचं पाणी. याच पाण्याने आमच्या बादल्या पांढऱ्या होतात, साबणाला फेस येत नाही, गीझरची कॉइल दर वर्षी जाते. काकूंनी पेन सोडा, साधा फिल्टरही लावलेला नाही. त्यांच्या गोगलगायींचे शंख मात्र चिंचेने घासलेल्या पितळेसारखे लखलखीत! कॉइलवर बसतो तोच थर, कॅल्शियम कार्बोनेट, गोगलगाय पाठीवर बांधते. साहेबांच्या टँकमध्ये माशांच्या घाणीचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, ते जिरवायला पाण्यात कार्बोनेट नाही. पीएच ७ च्या खाली घसरला की पाणी शंखच खातं. आरओ पिणाऱ्यांच्या हाडांचंही असंच होत असावं, असा माझा जुना संशय आहे. पुरावा मागू नका.

खाणं विचारलं, तर काकडी. म्हणजे पुन्हा पाणीच! पालक द्यावा म्हणाल, तर त्यातलं ऑक्सॅलेट असलेलं कॅल्शियमही अडकवून ठेवतं. त्यापेक्षा पोपटाच्या पिंजऱ्यात टांगतात तो समुद्रफेस आणून एक तुकडा टाका. माशांच्या औषधाच्या बाटलीवर तांबं लिहिलेलं असेल, तर ती टँकपासून लांब ठेवा. तांबं गोगलगायीला विष आहे.

साहेब आता दर पाणीबदलाला थोडं थोडं बोअरचं पाणी मिसळतात. झिजलेलं टोक काही भरून येणार नाही. शंख वाढतो तो तोंडाच्या कडेने, तिथला नवा पट्टा बघायचा. पेन ठेवून द्या आणि केएचचं, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट मोजणारं, किट घ्या. निदान ४-५ तरी दिसायला हवा. घाई म्हणून पानाच्या डबीतला चुना मात्र टाकू नका. पीएच एकदम उसळेल आणि गोगलगायीआधी मासे जातील.