विश्लेषण : गडचिरोली-चंद्रपुरात क्षयरोगाचा उपचार मध्येच का तुटतो?

क्षयरोग पूर्ण बरा होतो आणि सरकारी रुग्णालयांत त्याची तपासणी व औषधे मोफत आहेत. तरीही जंगलपट्ट्यात अनेकांचा उपचार अर्धवट सुटतो. याचे खापर रुग्णाच्या निष्काळजीपणावर फोडणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे.

प्रश्न किती मोठा?

आदिवासी आरोग्याबाबत डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार देशातील आदिवासींमध्ये लाखामागे ७०३ क्षयरुग्ण आढळतात; इतरांमध्ये हे प्रमाण २५६ आहे.

उपचार नेमका कुठे अडतो?

साध्या क्षयरोगावर पहिले दोन महिने चार औषधे, नंतरचे चार महिने तीन औषधे रोज घ्यावी लागतात. बहुतेकांचा ताप-खोकला सुरुवातीच्या काही आठवड्यांतच कमी होतो आणि माणूस कामाला लागतो. जंतू मात्र शिल्लक असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर मिरची तोडायला तेलंगणात जाणे, मे महिन्यात तेंदूपाने आणि पुढे पाऊस. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. सहा महिन्यांच्या उपचारात यांपैकी एखादा हंगाम येतोच.

औषधांची भीती का वाटते?

मळमळ होते, रिफाम्पिसिनमुळे लघवी लालसर होते. हा रंग निरुपद्रवी असतो. पण ते माडिया किंवा गोंडीत कुणी सांगितले नाही, तर गोळ्या बंद होतात. दारूमुळे यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरातील २०२१ मध्ये उठली. व्यसनमुक्तीची गरज दोन्हीकडे आहे.

पैशाने पोषण होते का?

निक्षय पोषण योजनेची मासिक मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली. ती बँक खात्यात जमा होते. बँक दूर असेल किंवा खात्याच्या कागदपत्रांत चूक असेल, तर ती ताटापर्यंत पोहोचत नाही. झारखंडमधील अभ्यासात, रुग्णाच्या कुटुंबाला शिधा दिल्यावर घरातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे धान्य हाही उपचाराचाच भाग आहे.

चूक फक्त रुग्णाची?

मार्च २०२४ मध्ये औषधांचा तुटवडा पडला, तेव्हा केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करण्यास सांगितले. गोळ्यांसाठी पायपीट करून रिकाम्या हाताने परतलेला रुग्ण पुन्हा येईल, याची खात्री कोण देणार?

उपाय काय?

उपचार सुरू करतानाच पुढील सहा महिन्यांत रुग्ण कुठे असेल, हे विचारून नोंदवावे. पावसाआधी गावातील आशा सेविकेकडे औषधांचा साठा पोहोचवावा. स्थलांतर करणाऱ्यांना पुरेशा गोळ्या द्याव्यात आणि निक्षय नोंदणीच्या आधारे तेलंगणातील केंद्राला आधीच कळवावे. शिधा घरपोच द्यावा. भारताने क्षयरोग निर्मूलनासाठी २०२५ हे वर्ष ठरवले होते. दिल्लीत ठरलेले वेळापत्रक भामरागडच्या हंगामांशी जुळवल्याशिवाय गोळ्यांचा कोर्स पूर्ण होणार नाही.